शिवाजी पार्क आणि दादर चौपाटी : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मुंबईत नव्याने राहायला आलेल्या पाहुण्यांना आम्ही दादरवाले हमखास शिवाजी पार्कात पाठवतो आणि निम्मे लोक हिरमुसून परत येतात. फुलांचे ताटवे नाहीत, कारंजं नाही, तिकीट काढून आत जावं असंही काही नाही. लाल मातीचं मैदान, त्यात क्रिकेट खेळणारी पोरं आणि कडेने चकरा मारणारे आजीआजोबा. यात बघायचं काय?

त्यांची चूक एवढीच असते की ते भर दुपारी टॅक्सीने येतात, महाराजांच्या पुतळ्यासमोर फोटो काढतात आणि निघून जातात. समुद्र तीनशे-चारशे पावलांवर आहे हे त्यांना कळतही नाही, कारण मैदानातून तो दिसत नाही. मध्ये सावरकर मार्ग आणि इमारतींची रांग आहे. म्हणून खाली जो क्रम दिला आहे तो पाळा. अर्धा दिवस हाताशी ठेवा, पायात चालायची चप्पल किंवा बूट घाला, आणि नोव्हेंबर ते मे या काळात जाणार असाल तर पांढरे कपडे टाळा. तिथली माती उडते. मैदानाभोवती राहणारे लोक या धुळीबद्दल वर्षानुवर्षं तक्रार करत आले आहेत.

आधी वेळ ठरवा

दोन वेळा चांगल्या. सकाळी सहा ते साडेआठ, किंवा दुपारी चारनंतर अंधार पडेपर्यंत. सकाळी मैदान खरं जागं असतं : नेट लागलेले, व्यायामशाळेत पोरं, कट्ट्यावर वर्तमानपत्रं. संध्याकाळी समुद्र. एकदाच जाणार असाल तर संध्याकाळ निवडा. मुंबईत सूर्य डिसेंबरात सहाच्या सुमारास बुडतो आणि जूनमध्ये सव्वासातनंतर, त्या हिशेबाने दोन-अडीच तास आधी मैदानात पोचा. माझं विचाराल तर पहिल्यांदा संध्याकाळी जावं आणि आवडलं तर एखाद्या रविवारी सकाळी पुन्हा.

पोचायचं कसं

लोकलने येणाऱ्यांनी दादरला पश्चिमेला उतरायचं. मध्य रेल्वेने आलात तर पुलावरून पश्चिम रेल्वेच्या बाजूला या. डिसेंबर २०२३ पासून दादरच्या फलाटांचे क्रमांक सलग झाले आहेत : १ ते ७ पश्चिम रेल्वेचे, ८ ते १४ मध्य रेल्वेचे. त्यामुळे जुन्या माणसाने "मध्य रेल्वेचा एक नंबर" सांगितला तर आता तो आठ नंबर समजायचा. फलाट क्रमांक एककडे बाहेर पडलात की तुम्ही पश्चिमेला आहात.

बाहेर गर्दी, फुलवाले, भाजीवाले, कापडाची दुकानं. तिथे खरेदीला थांबू नका, पिशव्या घेऊन मैदानात फिरणं जिवावर येतं. खरेदी परतताना. न. चिं. केळकर रस्त्याने चालू लागा. वाटेत प्लाझा सिनेमा लागेल आणि जवळच शिवाजी मंदिर. हे नाट्यगृह आहे, देऊळ नाही आणि मैदानही नाही. टॅक्सीवाल्याला नुसतं "शिवाजी" म्हटलं की तो कधी कधी इथेच सोडतो. पुढे गडकरी चौक, म्हणजे शिवसेना भवनाचा चौक. तिथून पश्चिमेकडे वळलात की पाच-सात मिनिटांत मैदान. स्टेशनपासून निवांत चाललं तर वीस मिनिटं धरा.

मेट्रो ३, म्हणजे भुयारी ॲक्वा लाइन, मे २०२५ पासून दादरपर्यंत आली आहे. बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, किंवा विमानतळाकडून येणाऱ्यांना हीच सोयीची. दादर मेट्रो स्थानकातून वर आलात की गडकरी चौक जवळच, स्टेशनबाहेरची गर्दी पूर्ण टळते.

आणखी एक वाट आहे, ती बाहेरच्यांना कुणी सांगत नाही : पश्चिम रेल्वेच्या माटुंगा रोड स्टेशनला उतरून पश्चिमेकडे चालत यायचं. अंतर साधारण तेवढंच पडतं, पण गर्दी निम्म्यानेही नसते. लहान मूल किंवा म्हातारं माणूस बरोबर असेल तर हीच वाट घ्या.

उपनगरातून रिक्षाने निघण्याचा बेत असेल तर सोडून द्या. रिक्षांना माहीमच्या पुढे शहरात यायला परवानगी नाही, माहीमला उतरून टॅक्सी किंवा बस करावी लागते. स्वतःची गाडी आणाल तर शनिवार-रविवारी जागा शोधण्यातच संध्याकाळ जाईल.

मैदानात शिरण्याआधी थोडं मागचं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा सगळा पट्टा माहीमचाच भाग. माडांच्या वाड्या, शेतं, किनाऱ्यालगत भंडाऱ्यांची वस्ती. १८९६ च्या प्लेगने दक्षिणेतली दाटीवाटीची मुंबई हादरली. मग इंग्रज सरकारने शहर उत्तरेकडे मोकळं पसरवायचं ठरवलं. त्यासाठी १८९८ मध्ये सुधारणा मंडळ, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झालं आणि दादर-माटुंग्याचे आखीव रस्ते त्यातून निघाले. महापालिकेने १९२५ मध्ये हे मैदान लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं.

दोनच वर्षांत नाव बदललं. १९२७ हे तेव्हाच्या गणनेप्रमाणे शिवजन्माचं तीनशेवं वर्ष. महापालिकेत अवंतिकाबाई गोखले नगरसेविका होत्या. चंपारण्यात गांधीजींबरोबर काम केलेल्या आणि त्यांचं मराठीतलं पहिलं चरित्र लिहिणाऱ्या त्याच. त्यांच्या आग्रहाने माहीम पार्कचं शिवाजी पार्क झालं. २०२० मध्ये महापालिकेने नाव औपचारिकपणे छत्रपती शिवाजी महाराज पार्क असं केलं. बोलण्यात मात्र लोक "पार्क" एवढंच म्हणतात, सभेच्या दिवशी "शिवतीर्थ". तुम्ही कुणाला वाट विचारताना यातलं काहीही म्हणा, कळतं.

आजूबाजूच्या तीन-चार मजली इमारती तीस-चाळीसच्या दशकातल्या आहेत. गोलाई दिलेले सज्जे, कोपऱ्यावरचे जिने, दारावर कोरलेली नावं : ही आर्ट डेको शैली. मरीन ड्राइव्हला या शैलीसाठी मुद्दाम जाणारे लोक पार्काच्या गल्ल्यांतून मान वर न करताच चालत जातात. पुनर्विकासाच्या टॉवरांत यातल्या बऱ्याच गेल्या, उरलेल्या आता बघून घ्या.

कट्ट्याची एक पूर्ण फेरी

मैदानात घुसू नका. आधी कट्टा गाठा. साधारण अठ्ठावीस एकरांच्या या मैदानाभोवती गुडघ्याएवढ्या उंचीचा सलग कट्टा आहे, त्याला लागून फरसबंद वाट आणि वर झाडांची सावली. एक फेरी सव्वा किलोमीटरच्या आसपास भरते. रमतगमत वीस मिनिटं. पार्काचं खरं आकर्षण काय असं मला विचाराल तर हा कट्टाच. इथे बसायला कुणी पैसे मागत नाही, किती वेळ बसलात हे कुणी बघत नाही, आणि एका बाजूला नाटकाच्या तालमीवरून वाद तर दुसऱ्या बाजूला मुलीच्या लग्नाची बोलणी चाललेली असतात.

फेरीचे दोन अलिखित नियम. चालणाऱ्यांच्या वाटेत चौघांनी आडवी रांग धरून चालायचं नाही, मागून जोरात चालणारे आजोबा "जरा बाजूला" म्हणतात तेव्हा ते विनंती करत नसतात. आणि सकाळी सहा-साडेसहाला कट्ट्यावरच्या ठरावीक जागा ठरावीक मंडळींच्या असतात. वीस-पंचवीस वर्षांच्या बैठका आहेत त्या. शेजारी बसा, बोलायला या, पण मधोमध टेकू नका.

फेरीत थांबण्याजोगी ठिकाणं सांगतो, सगळीकडे सारखा वेळ देण्याची गरज नाही.

महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९६६ चा. जवळून पाहा. नेहमीच्या पुतळ्यांत असते तशी उपसलेली तलवार हातात नाही, उजवा हात पुढे केलेला आहे. गर्दी नसताना, सकाळी, इथे थांबायला बरं वाटतं.

उद्यान गणेशाचं मंदिर छोटं आहे. संकष्टीला रांग लागते, एरवी दोन मिनिटांत दर्शन होतं. शेजारचा नाना-नानी पार्क ज्येष्ठांसाठी राखलेला.

श्री समर्थ व्यायाम मंदिर मात्र चुकवू नका. संस्था मैदानाइतकीच जुनी, १९२५ ची. संध्याकाळी इथे मल्लखांबाचा सराव चालतो, आणि तो बाहेरून उभं राहून बघता येतो. पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणलेला हा प्रकार : पुरलेल्या लाकडी खांबावर आसनं, उड्या, सलाम्या. दोरीचा मल्लखांब वेगळा, त्यात टांगलेल्या दोरीला पायाच्या अंगठ्याची पकड देऊन वर जायचं. मुलींनी दोरी गाजवली आहे. इथले प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा फेब्रुवारी २०१९ मध्ये याच संस्थेच्या पुढाकाराने मुंबईत झाली. परदेशी मंडळी शिकायला येऊन राहतात. फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि फ्लॅश अजिबात नको : उलटं टांगलेल्या मुलाच्या डोळ्यांत उजेड पडला तर काय होईल याचा विचार करा.

बंगाल क्लब दुर्गापूजेच्या दिवसांत. एरवी बाहेरूनच.

मैदानात बाळासाहेब ठाकरे यांचं स्मृतिस्थळ आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्यांच्यावर इथेच अंत्यसंस्कार झाले. लता मंगेशकरांना ६ फेब्रुवारी २०२२ रोजी याच मैदानात निरोप दिला गेला. रस्त्यापलीकडे सावरकर मार्गावर स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारक आहे. सावरकर १९३८ पासून अखेरपर्यंत याच परिसरात, सावरकर सदनात राहत होते. त्याच रस्त्यावरचा समुद्राला पाठ टेकून उभा असलेला जुना महापौर बंगला १९२८ चा, आता ती जागा बाळासाहेबांच्या स्मारकाला दिली आहे.

राजकारण या मैदानाला चिकटलेलंच आहे, ते टाळून पार्क समजत नाही. ९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे गांधीजींना अटक झाली, तेव्हा त्या संध्याकाळची शिवाजी पार्कवरची सभा आपण घेऊ असं कस्तुरबांनी जाहीर केलं. पोलिसांनी त्यांना सभेपर्यंत पोचूच दिलं नाही. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आचार्य अत्र्यांच्या सभा इथे गाजल्या. शिवसेनेचा पहिला मेळावा ३० ऑक्टोबर १९६६ ला इथेच. २६ जानेवारी आणि १ मे या दोन्ही दिवशी राज्याचं मुख्य संचलन या मैदानात होतं. कट्ट्यावरच्या कुठल्याही सत्तरीच्या माणसाला "तुम्ही इथे कुणाची सभा ऐकलीत?" एवढं विचारा, पुढचा तास तुमचा नाही.

क्रिकेट बघायचं ते कसं

स्टेडियम नाही, प्रेक्षागृह नाही. मैदानाचे तुकडे वेगवेगळ्या क्लबांकडे आणि प्रशिक्षकांकडे. सुट्टीच्या दिवशी एकाच वेळी अनेक डाव चालू असतात आणि एका सामन्याचा सीमेवरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्टिरक्षकापासून दहा पावलांवर उभा असतो. म्हणून मैदान ओलांडायचं असेल तर सरळ रेषेत चालू नका, कडेकडेने जा. "बॉल!" अशी आरोळी आली की आधी डोकं झाका, मग बघा कुठून आली.

चांगला नेट ओळखायचा कसा? जिथे ओरडा कमी तिथे. प्रशिक्षक खुर्चीत बसलेला, पॅड बांधलेली पाच-सहा पोरं रांगेत, आणि प्रत्येक चेंडूनंतर एकच शब्द : "पाय." मुंबईच्या फलंदाजीला लोक खडूस म्हणतात, तो खडूसपणा या नेटमध्ये तयार होतो. विकेट फेकायची नाही, बाद झालास तर चेंडू आणायला तूच पळ.

रमाकांत आचरेकर सर याच मैदानात शिकवत. यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं, गोलंदाजाने बाद केलं तर नाणं त्याचं, सचिन शेवटपर्यंत टिकला तर सचिनचं. अशी तेरा नाणी जपून ठेवल्याचं सचिन तेंडुलकर सांगत आला आहे. सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर खेळायला न्यायचे. विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, अजित आगरकर हे सगळे त्यांच्याच हाताखालून गेले. सरांचं स्मारक गेट क्रमांक पाचजवळ आहे, ३ डिसेंबर २०२४ ला त्याचं अनावरण झालं. पाहुण्यांना दाखवताना एक गल्लत टाळा : सचिन-कांबळीची ६६४ धावांची शालेय भागीदारी इथली नाही, ती १९८८ मध्ये आझाद मैदानावर झाली. कट्ट्यावर कुणी छातीठोकपणे "मी बघितली, तिथे, त्या झाडाखालून" असं सांगितलं तर वाद घालू नका.

पण या मैदानाचा माझा खेळाडू पद्माकर शिवलकर. शिवाजी पार्क जिमखान्याचा डावखुरा फिरकीपटू. प्रथम श्रेणीत ५८९ बळी आणि कसोटी सामना एकही नाही, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी खेळत होते. उतारवयातही ते इथे पोरांना चेंडू सोडायला शिकवायचे. २०२५ च्या मार्चमध्ये ते गेले. जिमखान्याच्या जुन्या सभासदांसमोर हे नाव काढून बघा.

मैदानातून समुद्राकडे

सूर्यास्ताला पाऊण तास उरला की उठा. सावरकर मार्ग ओलांडायचा. या रस्त्याला जुने लोक अजून कॅडल रोड म्हणतात. वाहनं वेगाने येतात, सिग्नलवरूनच ओलांडा. पलीकडच्या गल्ल्या समुद्रावर जातात, पण पहिल्यांदा जाताना चैत्यभूमीची वाट धरा. ती रुंद आहे आणि विचारली तर कुणीही दाखवतं.

जाता जाता मैदानालगतच्या एका रस्त्याची पाटी वाचा : केळुसकर मार्ग. कृष्णराव अर्जुन केळुसकर शिक्षक होते. शिवाजी महाराजांचं विस्तृत मराठी चरित्र त्यांनी लिहिलं, आणि बुद्धाचंही. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा एक मुलगा त्यांच्या नजरेत भरला होता. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला, तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी त्याला आपलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे सयाजीराव गायकवाडांकडून शिष्यवृत्ती मिळवून द्यायलाही त्यांनी मदत केली. तो मुलगा भीमराव आंबेडकर. त्यांची चैत्यभूमी या रस्त्यापासून चालत पाच-दहा मिनिटांवर आहे.

चैत्यभूमी

बाबासाहेबांचं निधन ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत झालं. दुसऱ्या दिवशी, ७ डिसेंबरला, दादरच्या या किनाऱ्यावर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले, लाखोंच्या साक्षीने. त्या जागी उभारलेल्या स्तूपाचं उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ ला त्यांच्या सूनबाई मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते झालं. प्रवेशद्वार सांचीच्या तोरणाच्या धर्तीवरचं, आवारात अशोकस्तंभाची प्रतिकृती. स्तूप आकाराने लहान आहे, आत बाबासाहेबांच्या अस्थी आहेत.

चपला बाहेर काढायच्या, आवाज खाली, मोबाइल खिशात. फुलं किंवा मेणबत्ती न्यायची तर बाहेर मिळतात, सक्ती नाही. आत बसलेल्यांपैकी अनेक जण विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आलेले असतात, त्यांच्या समोरून सेल्फी काढत फिरू नका. शेजारीच भागोजी कीर स्मशानभूमी आहे. दानशूर भागोजीशेठ कीर यांच्या नावाची. अंत्ययात्रा आली तर बाजूला थांबा, तेवढंच.

वाळू, भरती आणि प्रेक्षागॅलरी

चैत्यभूमीजवळच पावसाचं पाणी समुद्रात सोडणारं मोठं तोंड आहे. त्याच्यावर महापालिकेने छत टाकून समुद्रावर पुढे आलेला सज्जा बांधला. २०२२ पासून तो खुला आहे, नाव माता रमाबाई आंबेडकर स्मृती प्रेक्षागॅलरी. घाणीचा उगम झाकून त्यावर सूर्यास्त बघायची जागा करायची, ही कल्पना अस्सल मुंबईची. बाकं आहेत, समोर पश्चिम मोकळी. डावीकडे वरळी, उजवीकडे वांद्रे, आणि दोन्ही जोडणारा २००९ चा सागरी सेतू. म्हाताऱ्या माणसांना वाळूत चालवण्यापेक्षा इथेच बसवा.

वाळूवर उतरायचं असेल तर भरती-ओहोटी बघूनच. दादरचा किनारा अरुंद आहे, पूर्ण भरतीला बऱ्याच ठिकाणी वाळू उरतच नाही. मोबाइलवर वेळा मिळतात, पण कोकणातल्या घराघरांत माहीत असलेला हिशेब जास्त सोपा : त्या दिवशीची तिथी घ्या आणि पाऊणकी म्हणा, म्हणजे तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा-बारा. दोन्ही पक्षांत हिशेब एकच. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला पुरे. सरळ सांगायचं तर संध्याकाळी मोकळी वाळू हवी असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे या, अष्टमीच्या आसपास फक्त गॅलरीवर बसा.

पोहायला हा समुद्र नाही. पाणी स्वच्छ नाही, तळ सारखा नाही आणि जून ते सप्टेंबर लाटा माणसाला ओढून नेतात. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका आधी जाहीर करते, त्या दिवशी किनाऱ्याकडे फिरकू नका. त्या मोसमात समुद्र शहराने टाकलेलं प्लास्टिक शहराला परत देतो, ढिगांनी. पोहायचंच असेल तर सावरकर मार्गावर महापालिकेचा महात्मा गांधी जलतरण तलाव आहे, त्याचं सभासदत्व काढा.

आता खाणं

उपाशी आलात तरी चालेल अशी ही जागा. दोन दिशा आहेत, परतायचं कुठून त्यावर ठरवा.

गडकरी चौकाकडे परतणार असाल तर "आस्वाद" आणि "प्रकाश". आस्वादची मिसळ परदेशातल्या पुरस्कारामुळे २०१५ मध्ये गाजली आणि तेव्हापासून दारात नाव लिहून थांबावं लागतं. मला विचाराल तर तिथे थालीपीठ किंवा कोथिंबीर वडी मागवा. प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि वर पियूष. पियूष म्हणजे श्रीखंड ताकात घुसळून केल्यासारखं गोड, घट्ट पेय, जायफळ-केशराच्या वासाचं. एक ग्लास दोघांत पुरतो. प्रकाशमध्ये गप्पा मारत बसायची प्रथा नाही, खायचं आणि उठायचं. गप्पांसाठी मैदानासमोर केळुसकर रस्त्यावर "जिप्सी" आहे.

समुद्राकडून दक्षिणेला चाललात तर कीर्ती कॉलेजच्या गल्लीतला वडापाव. वड्याबरोबर बेसनाचा तळलेला चुरा पावात भरून देतात, खरी गंमत त्यातच. तिखट सोसत नसेल तर लाल चटणी कमी घालायला आधी सांगा, पावात भरल्यावर काही करता येत नाही. इथून परतायला दादरऐवजी सिद्धिविनायक मेट्रो स्थानक जवळ पडतं.

स्वच्छतागृह हॉटेलातच वापरून घ्या. पाण्याची बाटली बरोबर ठेवा. आणि कट्ट्यावर बसून खाल्लेल्या भेळेचा कागद तिथेच सोडलात तर कुणीतरी आजी नक्की हाक मारतील. निमूटपणे उचला.

कोणत्या दिवशी जायचं, कोणत्या दिवशी नाही

२०१० मध्ये उच्च न्यायालयाने पार्क शांतता क्षेत्र ठरवलं. त्यामुळे ढोल, भोंगे, ब्लूटूथवरची गाणी यांना एरवी बंदी आहे. वर्षातले काही ठरावीक दिवस सभा-समारंभांना सूट असते. दसऱ्याला संध्याकाळी मेळावा असतो, मैदान दिसत नाही, माणसं दिसतात. २६ जानेवारी आणि १ मे आधी रंगीत तालमींमुळे मैदानाचा मोठा भाग बंद असतो. संचलन बघायचं तर पहाटे येऊन कट्टा धरा. अनंत चतुर्दशीला चौपाटीवर विसर्जन. बघण्यासारखं असतं, पण लहान मुलांना घेऊन नको. दिवाळीत पार्काभोवती रोषणाई होते, तेव्हा वाहनाने येण्याचा विचारही करू नका.

६ डिसेंबरबद्दल वेगळं सांगतो. दादरमधले काही लोक त्या आठवड्यात "गर्दी असते, येऊ नका" असा सल्ला देतात. तो ऐकू नका. त्या दिवशी देशभरातून लाखो लोक चैत्यभूमीला येतात, रात्रभर रांगेत उभे राहतात आणि त्यांच्या मुक्कामाची सोय शिवाजी पार्कात मंडप घालून केलेली असते. मैदानात पुस्तकांचे स्टॉल लागतात. आंबेडकर, फुले, बुद्ध, कायदा, शाहिरी, स्पर्धा परीक्षा, पाच-दहा रुपयांच्या पुस्तिकांपासून जाडजूड खंडांपर्यंत. एरवी दुकानात न मिळणाऱ्या छोट्या प्रकाशकांची पुस्तकं तिथे हातात येतात, आणि स्वतः जेमतेम भाडं जमवून आलेली माणसं पिशव्या भरभरून ती नेतात. स्तूपाच्या रांगेत उभं राहायचं नसेल तर फक्त मैदानात या. आजूबाजूचे रस्ते त्या दिवसांत वाहनांना बंद असतात, म्हणून दादर किंवा माटुंगा रोडहून चालत. ५ तारखेची दुपार सगळ्यात चांगली, तोवर स्टॉल लागलेले असतात आणि निवडायला जागा असते. रिकामी पिशवी आणि सुटे पैसे विसरू नका.